एका नियमाचे मूळ गाव

काही महिन्यांपूर्वी आमच्या जयपूरच्या कार्यालयात मुख्यालयाचे एक पत्र आले. प्रत्येक कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांशी विचारविनिमय करून 'परस्परांकडून अपेक्षित वर्तन' या विषयावर एक पानाचे टिपण तयार करावे, ते सूचना फलकावर लावावे व त्याची एक प्रत मुख्यालयाला पाठवावी, असा त्याचा मथितार्थ होता. अशी पत्रे येतात, त्यांना उत्तरे जातात आणि फाइल बंद होते. याही पत्राचे तसेच झाले असते. परंतु कार्यालयातील वर्तनाच्या नियमाविषयी जयपूरमध्ये बसून काहीतरी थातुरमातुर लिहून पाठवणे मला जमेना. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

तरुण सहकाऱ्यांनी दोन दिवसांत पहिला मसुदा आणला. परस्पर आदर, संघभावना, पारदर्शकता, सचोटी, सकारात्मक दृष्टिकोन असे दहा-बारा शब्द एकाखाली एक मांडलेले होते. त्यातील एकाही शब्दाला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते, आणि मला नेमके तेच खटकले. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. उद्या सकाळी अकरा वाजता मी आस्थापना शाखेत जाऊन उभा राहिलो, तर यातले काय पाळले जात आहे आणि काय मोडले जात आहे, हे मला कशावरून समजेल? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "साहब, आदर तो आदर होता है." त्याचे उत्तर प्रामाणिक होते. शासनाचेही अनेक दशके हेच उत्तर होते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आज जे वर्तणूक नियम आहेत ते १९६४ सालचे. त्यांचा तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. कर्मचाऱ्याने संपूर्ण सचोटी राखावी, कर्तव्यनिष्ठा राखावी आणि शासकीय सेवकाला न शोभणारे असे काहीही करू नये, एवढेच तो मुळात सांगत होता. याउलट याच नियमावलीतील पुढचे नियम वाचले तर शासनाला बारकाईने लिहिता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. किती रुपयांपर्यंतची भेट कोणाकडून घ्यावी, जमीन घेताना वा विकताना कोणाला कळवावे, वर्तमानपत्रात काय लिहावे, हे सर्व तपशिलाने सांगितलेले आहे. पैशाच्या व्यवहाराबाबत शासनाला शंका होती म्हणून तेथे व्याख्या आल्या. सहकाऱ्याशी, विशेषतः हाताखालच्या माणसाशी कसे वागावे, याबाबत मात्र 'न शोभणारे' हा एक शब्द पुरेसा मानला गेला. काय शोभते आणि काय शोभत नाही हे ठरवणार कोण? अर्थातच वरिष्ठ.

या मोघमपणाची किंमत सेवेच्या अगदी वरच्या पायरीवरील व्यक्तीलाही चुकली नाही. १९८८ साली चंडीगडमधील एका मेजवानीत पंजाबच्या तत्कालीन पोलीस महासंचालकांनी आपल्याशी असभ्य वर्तन केल्याची तक्रार भारतीय प्रशासन सेवेतील ज्येष्ठ अधिकारी रूपन देओल बजाज यांनी केली. शासनातील वरिष्ठांनी प्रकरण मिटवण्याकडे कल दाखवला. बाईंनी पोलिसांत व पुढे न्यायालयांत पाठपुरावा केला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद पडलेले प्रकरण पुन्हा उघडायला लावले, १९९६ साली आरोप सिद्ध झाला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. घटना आणि अंतिम निकाल यांत सतरा वर्षे गेली, आणि तीही सचिवालयात स्वतःची खोली व हुद्दा असलेल्या स्त्रीची. त्या काळी उपलब्ध मार्ग म्हणजे भारतीय दंड संहितेची ३५४ व ५०९ ही कलमे. म्हणजे कार्यालयातील प्रश्नाची दाद मागायला पोलीस ठाण्याची पायरी चढणे भाग होते.

आता त्याच शासनयंत्रणेच्या अगदी खालच्या टोकाकडे यावे लागेल.

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने निघाले, घाट की गूणीचा बोगदा ओलांडला, की कानोता आणि मग बस्सीची पाटी लागते. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, बस्सी तहसिलीत भटेरी हे गाव आहे. राजस्थान शासनाने १९८४ साली युनिसेफच्या साहाय्याने महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावातलीच एक स्त्री निवडायची, तिला प्रशिक्षण द्यायचे आणि तिने गावातील स्त्रियांशी आरोग्य, शिक्षण, मजुरी, बालविवाह या विषयांवर बोलायचे, अशी त्याची रचना होती. या गावपातळीवरील कार्यकर्तीला साथिन म्हणत, म्हणजे सोबतीण. तिच्यावर देखरेख करणारी ती प्रचेता. नावे सुंदर होती. पण साथिनीला वेतन नव्हते, सुमारे २०० रुपयांचे मासिक मानधन होते. शासनाच्या लेखी ती कर्मचारी नव्हती, स्वयंसेविका होती.

भटेरीच्या भंवरी देवी १९८५ साली साथिन झाल्या. त्या कुंभार समाजातल्या. १९९२ च्या अक्षय्य तृतीयेला, जिला राजस्थानात आखा तीज म्हणतात, मोठ्या संख्येने होणारे बालविवाह रोखण्याची मोहीम राज्य शासनाने हाती घेतली. साथिनींनी आपल्या गावातील असे विवाह कळवावेत व घरच्यांना परावृत्त करावे, असे ठरले. भंवरी देवींनी सांगितलेले काम केले. गावातील प्रबळ जातीच्या एका कुटुंबात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. त्यांनी समजावले. पोलीस येऊन गेले, पोलिसांची पाठ वळताच रात्री लग्न लागले, आणि गावाचा रोष साथिनीवर आला. कुटुंबावर बहिष्कार पडला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात काम करताना त्यांच्या पतीला मारहाण झाली आणि त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला.

पुढच्या दोन दिवसांचा वृत्तांत प्रशासनातील प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे. वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ गेला. एका ठिकाणी स्त्री डॉक्टर नव्हती, दुसऱ्या ठिकाणी दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपासणीला नकार मिळाला, आणि आदेशासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले. प्रत्येक कार्यालयाने पुढच्या कार्यालयाचा कागद मागितला. कोणीही कोणता नियम मोडला असे दाखवता आले नसते. नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. त्या निकालपत्रातील तर्कांवर देशभर टीका झाली, आणि त्याविरुद्धचे अपील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहिले.

भंवरी देवी कोणाच्या आदेशाने काम करत होत्या? शासनाच्या. मग हल्ला कामामुळे झाला की खासगी वैरातून? आणि कामाची जागा कोणती? त्या स्वतःच्या शेतात होत्या. नियमपुस्तकात यातील एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेबल, खुर्ची आणि हजेरीपट असलेले कार्यालय होते. काम शासनाचे होते, जोखीम मात्र सर्वस्वी साथिनीची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चित्र अपरिचित नाही. लाभ एकाच्या खात्यात आणि खर्च दुसऱ्याच्या खात्यात गेला, की खर्च कमी करण्याची घाई कोणालाच राहत नाही.

जयपूरची 'विशाखा' ही संस्था, दिल्लीच्या 'जागोरी' व 'काली फॉर विमेन' आणि आणखी दोन संस्था मिळून पाच संस्थांनी १९९२ सालीच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी आरोपींना शिक्षा मागितली नव्हती, तो खटला वेगळा चालू होता. नोकरदार स्त्रीला कामाच्या जागी संरक्षण देणारा कायदा नाही, ही पोकळी भरून द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या नावाने निकाल आला. पीठात सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती भूपिंदर नाथ किरपाल होते. सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश व पुढे त्या न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. केंद्र सरकारच्या वतीने महाधिवक्तापदाचा महाराष्ट्रातील अनुभव असलेले सॉलिसिटर जनरल तेहम्तन अंध्यारुजिना उभे होते. त्यांनी मार्गदर्शक तत्त्वांना विरोध न करता संमती दिली. न्यायालयाचे मित्र म्हणून फली नरिमन होते.

निकालपत्र लहान आहे. त्यात भंवरी देवींचे नाव नाही. राजस्थानातील एका खेड्यातील समाजसेविकेवरील अत्याचार हे याचिकेचे निमित्त, त्याचा खटला स्वतंत्र चालू असल्याने अधिक उल्लेखाची गरज नाही, एवढे सांगून निकाल पुढे जातो. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण जिच्यामुळे देशातल्या प्रत्येक कार्यालयाला नियम मिळाला, तिला त्या नियमात जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

त्या नियमाने काय केले, ते पाहू. भारताने १९९३ साली अनुसमर्थन दिलेला स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आणि राज्यघटनेची १४, १५, १९ व २१ ही कलमे यांच्या आधारे न्यायालयाने संसद कायदा करीपर्यंत बंधनकारक अशी तत्त्वे घालून दिली. त्यात पहिल्यांदा वर्तन नावानिशी सांगितले गेले. शारीरिक स्पर्श वा लगट, शरीरसंबंधाची मागणी वा विनंती, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रे वा साहित्य दाखवणे, आणि याच स्वरूपाचे अन्य कोणतेही नकोसे शारीरिक, शाब्दिक वा निःशब्द वर्तन. 'न शोभणारे' या शब्दाचा निवाडा वरिष्ठाच्या नजरेतून होत असे. 'नकोसे' या शब्दाचा निवाडा जिच्या वाट्याला ते वर्तन आले तिच्या बाजूने सुरू होतो. अमेरिकेत समान रोजगार संधी आयोगाने १९८० सालीच अशी व्याख्या केली होती. आपल्याकडे ती सतरा वर्षांनी आली.

व्याख्येने काय फरक पडतो, याचे प्रत्यंतर दीड वर्षात आले. निर्यातवृद्धीसाठीच्या एका परिषदेतील अधिकाऱ्याला अशाच तक्रारीवरून नोकरीतून काढले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. त्याने प्रयत्न केला, पण प्रत्यक्ष स्पर्श झाल्याचे सिद्ध नाही, असा तर्क होता. जानेवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालाचा आधार घेऊन तो निर्णय फिरवला व शिक्षा पुन्हा कायम केली.

व्याख्येइतकीच महत्त्वाची आणखी तीन तत्त्वे होती, ज्यांची चर्चा कमी होते. पहिले, प्रतिबंधाची जबाबदारी मालकाची वा कार्यालय प्रमुखाची आहे. तक्रार आली नाही म्हणून ती संपत नाही. दुसरे, बाहेरच्या व्यक्तीने त्रास दिला असेल तरीही पीडितेला साहाय्य करणे मालकावर बंधनकारक आहे. भटेरीची छाया मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते. तिसरे, पीडितेला स्वतःची वा त्रास देणाऱ्याची बदली मागण्याचा विकल्प असावा.

या तिसऱ्या तत्त्वापाशी मला थांबावे लागते, कारण येथे माझा स्वतःचा एक हिशेब शिल्लक आहे.

मी सेवेत नवीन होतो. १९९६ चे वर्ष, राज्य दुसरे. आमच्या कार्यालयातील एका लघुलेखिकेला तिचा अधिकारी रोज सहानंतर श्रुतलेखनासाठी थांबवून ठेवत असे. कार्यालय रिकामे होई. त्याच्या बोलण्यातील शेरे तिने मला एकदा सांगितले. मराठी बोलणारे तेथे आम्ही दोघेच होतो, म्हणून सांगितले असावे. "साहेब, मी काय करू?" असे तिने विचारले. मी विचार केला, आणि तेव्हा मला जे शहाणपणाचे वाटले ते केले. तिला बदलीचा अर्ज करायला सांगितले. तो मीच लिहून दिला, उत्तम इंग्रजीत. कारण म्हणून घरगुती अडचणी असे लिहिले. बदली महिनाभरात झाली, तिने आभार मानले आणि मला आपण काही चांगले केल्याचे समाधानही वाटले. त्या खुर्चीवर पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी आली. तिला सहानंतर थांबवतात का, हे मी विचारले नाही. अधिकारी यथावकाश सन्मानाने निवृत्त झाले.

पदव्युत्तर वर्गात असताना मी आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे १९७० सालचे एक छोटे पुस्तक वाचले होते. संस्थेत काही बिघडले तर माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. बाहेर पडणे सोपे केले तर आवाज उठत नाही, आणि ज्यांनी आवाज उठवला असता तेच आधी निघून गेल्याने बिघाड तसाच राहतो. परीक्षेत मी यावर चांगले उत्तर लिहिले होते. नोकरीत मात्र बाहेर पडण्याचा अर्ज माझ्याच हाताने लिहिला. शासनाच्या दप्तरात त्या प्रकरणाची एकच नोंद आहे आणि ती खोटी आहे. बदली, घरगुती अडचणींमुळे.

विशाखा निकालाने हा हिशेब उलटा केला. जाण्याची वेळ त्रास देणाऱ्यावरही येऊ शकते, हे प्रथमच लिहिले गेले. १९९८ च्या सुरुवातीस आमच्या वर्तणूक नियमांत '३ क' हा नवा नियम आला. त्यात दोन वाक्ये आहेत. कोणीही शासकीय सेवक कामाच्या जागी स्त्रीचा लैंगिक छळ करणार नाही, हे पहिले. कामाच्या जागेचा प्रभारी असलेला प्रत्येक शासकीय सेवक असा छळ होऊ नये म्हणून योग्य ती पावले उचलेल, हे दुसरे. दुसरे वाक्य १९९६ साली असते तर मी काय केले असते, हे मला माहीत नाही. पण 'माझा काय संबंध' असे म्हणण्याची सोय राहिली नसती, एवढे निश्चित.

वर्तन तपशिलाने लिहिणे ही कल्पना आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या लष्करी अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. रयतेचा आदर करा, एवढे सांगून महाराज थांबले नाहीत. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी आणतील, लोक जीव नकोसा होऊन गाव सोडतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट म्हणतील, असे कार्यकारण उलगडून सांगितले. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर वात पळवील आणि गवताची गंजी पेटेल, येथपर्यंत तपशील आहे. हे पत्र शिपायांना नाही, त्यांच्यावरील अधिकाऱ्यांना आहे. काय घडू नये, ते कसे घडते आणि घडले तर उत्तरदायी कोण, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. त्याच्या शेजारी आमचा बारा शब्दांचा मसुदा ठेवून पाहावा.

नियम लिहिला गेला म्हणून पाळला गेला, असे अर्थातच झाले नाही. पुण्याच्या 'आलोचना' या स्त्री अभ्यास केंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी, समित्या कागदावरही नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले. त्यांच्या पत्रावरून १९९९ साली याचिका दाखल झाली. २००४ साली न्यायालयाने आदेश दिला, की तक्रार समितीचा अहवाल हाच विभागीय चौकशीचा अहवाल मानावा, म्हणजे त्या स्त्रीला दोनदा साक्षीला उभे राहावे लागणार नाही. ऑक्टोबर २०१२ च्या अंतिम निकालात, पंधरा वर्षांनंतरही तत्त्वांची खरी अंमलबजावणी झालेली नाही, अशी खंत न्यायालयाने नोंदवली व राज्यांना आपापले वर्तणूक नियम सुधारण्यास मुदत घालून दिली. या पाठपुराव्यात एका मराठी स्त्रीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव सांगण्यासारखे आहे.

संसदेने कायदा केला तो २०१३ साली. ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे. त्यातील कर्मचारी या शब्दाची व्याख्या वाचताना मला भटेरीची आठवण होते. नियमित, तात्पुरता, रोजंदारीवरील, कंत्राटदारामार्फत आलेला, प्रशिक्षणार्थी, वेतन घेणारा वा न घेणारा, आणि स्वेच्छेने काम करणारा, असे सर्व तीत आहेत. कामाची जागा म्हणजे कामानिमित्त जेथे जावे लागते ती प्रत्येक जागा आणि त्यासाठी पुरवलेले वाहनसुद्धा. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणांसाठी जिल्ह्याची समिती आहे. १९९२ साली ज्या स्त्रीला कोणी मालकच नव्हता, ती एकवीस वर्षांनी व्याख्येत आली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हिंसा व छळाविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार केला, त्यातही स्वयंसेवक व नोकरी शोधणारे यांचा समावेश आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा आदेश रद्द केला, कारण समितीने अखेरच्या टप्प्यात घाई करून आरोप असलेल्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती. त्याच निकालात देशभर समित्यांची अवस्था किती शोचनीय आहे, हे सांगून सर्व शासकीय विभागांची तपासणी करण्याचे आदेश दिले. समितीला प्रशिक्षण नसले तर तक्रारदार आणि आरोप असलेला अशा दोघांवरही अन्याय होतो. नुसता फलक लावून प्रमुखाचे कर्तव्य संपत नाही.

आपल्यापैकी जे बंगळुरू, दुबई वा न्यू जर्सीत नोकरी करतात, त्यांना दरवर्षी अशा विषयावर संगणकावर एक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पुढे, पुढे करत बटण दाबायचे आणि प्रमाणपत्र मिळवायचे. मीही तसे केले आहे. त्या पडद्यावरील पाच ओळींमागे कोणाचे शेत आणि कोणाचा अर्ज आहे हे ठाऊक असते, तर बटण इतक्या सहज दाबले गेले नसते, असे मला वाटते.

या सर्व इतिहासातून प्रशासक म्हणून मी एक पडताळा शिकलो. वर्तनाचा नियम वरून वाचू नये, सर्वांत दूरच्या माणसाच्या जागी उभे राहून वाचावा. ज्याच्याकडे हुद्दा, भाषा आणि बदलीचा पर्याय आहे, त्याला मोघम नियमही पुरतो, किंबहुना त्याला नियम लागतच नाही. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला मात्र नेमका शब्द लागतो.

हे मी सहकाऱ्यांना दोन बैठकांत सांगितले, माझ्या त्या अर्जासह. मग आम्ही मसुदा पुन्हा लिहिला. आदर हा शब्द काढला आणि त्याच्या जागी घडणाऱ्या व न घडणाऱ्या गोष्टी लिहिल्या. चूक दाखवायची असेल तर त्या व्यक्तीला एकटीला सांगावी, सर्वांसमोर आवाज चढवू नये. कार्यालयीन वेळेनंतर कोणाला थांबवायचे असेल तर काम काय ते आधी लिहून द्यावे, आणि एकट्या व्यक्तीला थांबवू नये. पेहराव, शरीर, जात, विवाह यांवर शेरे मारू नयेत, मोबाइलवरील कार्यालयाच्या गटातही नाही. शिपाई व सफाई कर्मचारी यांना नावाने व 'आप' म्हणून हाक मारावी, घरचे काम सांगू नये. तक्रार केलेल्या व्यक्तीची तिने मागितल्याशिवाय बदली होणार नाही. बदलीचा अर्ज आला तर कार्यालय प्रमुखाने अर्जदाराशी स्वतः बोलावे. ही ओळ माझी. शेवटी, यातील काही मोडले गेले आणि प्रमुखाने दखल घेतली नाही, तर तो प्रमुखाचा दोष मानला जाईल, असेही लिहिले. त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, "साहब, यह अपने ही विरुद्ध क्यों लिख रहे हैं?" असे विचारले. त्यासाठीच लिहायचे असते, असे मी म्हणालो.

टिपण हिंदीत, मोठ्या अक्षरांत, समितीच्या सदस्यांच्या नावांसह लावले. प्रवेशद्वारी, कॅन्टीनमध्ये आणि स्त्रियांच्या प्रसाधनगृहाबाहेरही लावले. कंत्राटदाराकडून आलेली सफाई करणारी एक बाई पाच वर्षे आमच्याकडे आहे. तिला वाचता येत नाही. आवक-जावक शाखेतील मुलीने तिला ते वाचून दाखवले. सर्व ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, "ठेकेदार के आदमी पर भी लागू है क्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोन बैठका झाल्या होत्या, त्यांत तिला कोणी बोलावले नव्हते. कायद्याने तिला केव्हाच आत घेतले होते, आमच्या कागदाने मात्र तिला पुन्हा वेशीबाहेर ठेवले होते. त्याच दिवशी एक ओळ वाढवली, की हे टिपण कंत्राटदार, त्याचा पर्यवेक्षक आणि कामानिमित्त येथे येणारा प्रत्येक माणूस यांना लागू आहे, व कंत्राटी कर्मचाऱ्यांची तक्रार हीच समिती ऐकेल. कंत्राटदाराला तसे पत्रही दिले. मग मी त्या बाईंना समितीच्या अध्यक्षांकडे घेऊन गेलो, बसायला खुर्ची दिली आणि खोलीबाहेर आलो. त्या तेथे वीस मिनिटे होत्या.

मुख्यालयाचे उत्तर आले आहे. टिपण एका पानापेक्षा अधिक झाले असून ते संक्षिप्त करावे, असे त्यात म्हटले आहे. मी अद्याप ते संक्षिप्त केलेले नाही.